एकोणीस जणांची सोय

निल्सानं कापडी टेपचं टोक पलंगाच्या पायाशी दाबून धरलं, गुडघ्यांवर सरकत ती खिडकीपर्यंत गेली आणि टेपवरचा आकडा बघून स्वतःशीच म्हणाली,

"इथे चार पोरं मावतील. थोरला लांबुडका आहे, त्याला तिरका झोपवायचा."

घरमालकीण झुल्मिरा दाराशी झाडू घेऊन उभी होती. मघापासून ती हा प्रकार बघत होती. समुद्राच्या वाऱ्यानं रापलेला चेहरा, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल, आणि समोरच्यावर चटकन विश्वास न ठेवणारे डोळे.

"बाई, तुम्ही घर भाड्यानं घ्यायला आलात की पडदे शिवायला?"

"दोन्ही जमतं मला. इरातीला शाळेचे गणवेश शिवते मी."

"इरातीहून आलात? तेवढ्यासाठी? फोन करायचा की."

"फोन करून करून कान दुखले. सगळे आधी गोड बोलतात. एकोणीस माणसं म्हटलं की लाइन कट होते."

"एकोणीस?" झुल्मिरानं झाडू भिंतीला टेकवला. "पाटीवर मी दहा लिहिलंय."

"वाचलं मी. म्हणूनच टेप काढली."

खिडकीतून समोरच्या कौलांच्या वर, करमणुकीच्या पार्कातल्या उंच गाडीचा लाल रूळ दिसत होता. गाडी वर चढताना खडखडे, टोकाला पोचली की क्षणभर गप्प होई, आणि मग माणसांची एकच किंकाळी गल्ली ओलांडून घरात येई. झुल्मिराला ती ऐकूही येत नसावी. निल्सा मात्र दर वेळी मान वळवून बघत होती.

ईस्टरच्या जेवणाला वडिलांनी, म्हणजे आर्लिन्दोंनी, सगळ्यांसमोर आपली मागणी सांगून टाकली होती. जुलैत त्यांना ऐंशी पूर्ण होणार होती. केक नको, हॉल नको, अकॉर्डियनवाला तर नकोच. सगळ्या नातवंडांना समुद्राकाठच्या पार्कात न्यायचं, आणि तिथे सगळ्यांनी एका छपराखाली झोपायचं.

"बाबा, तुम्हाला त्या उलट्या होणाऱ्या गाडीत बसायचंय?" धाकट्या वाल्मोरनं विचारलं होतं. तो ट्रक चालवायचा, आणि कुठल्याही गोष्टीची थट्टा केल्याशिवाय त्याला घास उतरत नसे.

"मला खाली उभं राहून तुझी बोंब ऐकायचीय," म्हातारा म्हणाला होता.

सगळे हसले. पण 'एका छपराखाली' म्हणताना म्हाताऱ्याची नजर टेबलाच्या दोन टोकांकडे गेली होती, हे सगळ्यांनी पाहिलं. एका टोकाला थोरली निल्सा बसली होती, दुसऱ्या टोकाला मधली मार्लेती. आई गेल्यापासून त्या दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. आईचं शेवटचं वर्ष निल्सानं काढलं होतं, इरातीच्या घरात, शिलाई मशीनच्या शेजारी खाट टाकून. मार्लेती कुरितिबाहून पोचली तेव्हा आईला कफन घालून झालं होतं. दफनाच्या दिवशी ती म्हणाली, "आईला तू एकटीच्याच मालकीची करून ठेवलीस." निल्सा म्हणाली, "टेलिफोन तुझ्याही घरी होता." बास, एवढंच. पुढे दोघींचे निरोप वाल्मोरच्या तोंडून जात, आणि वाटेत तो त्यात आपला मीठमसाला घाली.

सोय बघायचं काम निल्सावर आलं. तिचं लग्न झालेलं नव्हतं, आणि बिनलग्नाच्या बहिणीला वेळच वेळ असतो असं भावंडांना वाटे. पार्काच्या स्वतःच्या हॉटेलात पलंग गलबताच्या आकाराचे होते, पण एका खोलीत चार माणसं, पाच खोल्या हव्यात, त्याही दोन मजल्यांवर, आणि भाव असा की वाल्मोर म्हणाला, "त्यापेक्षा मी ट्रकच विकतो आणि गलबत घेतो." मार्लेतीच्या नवऱ्याचं औषधांचं दुकान होतं. तिनं निरोप धाडला, आम्ही आमचं हॉटेल बघू, बाकीच्यांनी आपापलं बघावं. आर्लिन्दोंनी तो ऐकला, शिमाराँव, म्हणजे कडू पाल्याचा कढत काढा, पोकळ भोपळ्यातून नळीनं ओढून संपवला आणि म्हणाले, "मग मी येत नाही. इथेच बरा आहे मी."

त्यानंतर निल्सानं बसचं तिकीट काढलं.

झुल्मिराच्या घरात तीन खोल्या, एक बैठकीची खोली, काचा लावून बंद केलेला ओटा आणि लांबलचक स्वयंपाकघर होतं. टेप सगळीकडे फिरली. झुल्मिराही मागोमाग फिरली. आधी नाइलाजानं, मग कुतूहलानं, आणि ओट्यापर्यंत येईतो तिनं टेपचं दुसरं टोक आपणहून धरलं होतं.

"भांडकुदळ आहेत का तुमची माणसं? भिंती फळ्यांच्या आहेत आमच्या. इकडचं तिकडे ऐकू येतं."

"भांडत नाही कुणी. दोघी तर बोलतच नाहीत."

"कोण दोघी?"

"मी आणि माझी धाकटी बहीण."

झुल्मिरानं तिच्याकडे नीट बघितलं. "मग बरं आहे," ती म्हणाली, "तेवढाच आवाज कमी."

भाव ठरवताना निल्सानं घासाघीस केली. बरीच केली. गणवेशाच्या कापडाचा भाव पाडायची वीस वर्षांची सवय होती. झुल्मिरानं दोनदा मान हलवली आणि तिसऱ्यांदा हो म्हटलं. जाता जाता निल्सानं सहज विचारलं,

"आणि तुम्ही कुठे राहता, बाई? आम्ही असताना?"

"आमची सोय आहे मागे," झुल्मिरा म्हणाली आणि झाडू उचलून कामाला लागली.

*

जुलैत शाळांना हिवाळ्याची सुट्टी लागली तशी तीन मोटारी आणि वाल्मोरनं मित्राकडून मागून आणलेली व्हॅन त्या घरापुढे येऊन उभी राहिली. आर्लिन्दो पुढच्या सीटवरून उतरले, फळ्यांच्या पिवळ्या भिंतींकडे, कौलांकडे, दाराशी वाळत घातलेल्या जाळ्याकडे बघून म्हणाले, "हे घर आहे." बाकीची सगळी हॉटेलं त्यांच्या लेखी एका वाक्यात निकालात निघाली.

मार्लेती शेवटी उतरली. तिनं गॉगल कपाळावर सरकवला, सगळ्या खोल्यांत फिरून आली आणि वाल्मोरला, पण निल्साला ऐकू जाईल अशा बेतानं, म्हणाली,

"न्हाणीघर एक. एकोणीस माणसांना एक."

"दोन आहेत," वाल्मोर म्हणाला. "दुसरं समुद्र."

"उद्या नाश्ता झाला की मी हॉटेल बघायला जाणार आहे. बाबांना सांगून ठेव. मुलं दिवसभर इथे राहतील, झोपायला तिकडे."

निल्सा स्वयंपाकघरात पिशव्या रिकाम्या करत होती. तिनं काही ऐकलं नाही असं दाखवलं. मग हात पुसून ती बाहेर आली आणि कुणी कुठे झोपायचं ते सांगत सुटली. कागद नाही, काही नाही, सगळं डोक्यात. वाल्मोर घोरतो म्हणून तो टोकाच्या खोलीत. दोन बाळं त्यांच्या आयांसह चुलीच्या भिंतीला लागून, कारण ती भिंत ऊबदार राहते. चार मोठी पोरं जमिनीवर, लांबुडका तिरका. वडील बैठकीतल्या कोचावर, म्हणजे उठता-बसता सगळे त्यांना दिसतील. आणि समुद्राकडची खोली, रुंद पलंगाची, हातानं विणलेल्या पांढऱ्या पलंगपोसाची, मार्लेती आणि तिच्या नवऱ्याला.

मार्लेतीनं बॅग मात्र त्याच खोलीत नेली.

त्या संध्याकाळी पोरं ओट्याच्या काचांना नाकं लावून लाल रुळाकडे बघत बसली. उद्या आपण तिथे वर असू, या विचारानं त्यांना जेवण गेलं नाही.

*

सकाळी सगळ्यांच्या आधी निल्सा उठली होती. न्हाणीघरातल्या फवाऱ्याचं पाणी गरम होईना. खटका वर-खाली करून झाला, तेव्हा ती झुल्मिराला विचारायला मागच्या दारानं बाहेर पडली. अंगणाच्या टोकाला, जिथे वाळू सुरू होते तिथे, होडी ठेवायचा मांगर होता. होडी मात्र बाहेर होती, ताडपत्रीखाली. मांगराचं दार अर्धवट उघडं होतं.

आत जाळ्यांच्या ढिगांमधून अंथरुणं घातली होती. दोन लहान मुलं एकाच गोधडीत, एकमेकांच्या पायांकडे डोकी करून. एक तरुण जोडपं फळ्यांवर. भिंतीशी, दोन पेट्या जोडून केलेल्या खाटेवर, एक अगदी वाळकी म्हातारी, कानांपर्यंत पांघरूण ओढून. वरच्या पत्र्याच्या फटीतून उजेडाची रेघ तिच्या पांघरुणावर पडली होती. कोपऱ्यात छोट्या शेगडीवर झुल्मिरा कॉफी करत होती, आणि तिचा नवरा नेझियो उकिडवा बसून गमबूट चढवत होता.

निल्सा दारातच थबकली.

झुल्मिरानं मान वर केली. ती बाहेर आली आणि दार मागे ओढून घेतलं, कुणाची झोप मोडू नये अशा बेतानं.

"खटका दोनदा दाबायचा," ती म्हणाली. "एकदा दाबून नाही होत गरम."

"बाई, तुम्ही..." निल्साला एकेक आठवत गेलं. समुद्राकडची खोली, रुंद पलंग, विणलेला पांढरा पलंगपोस. आणि ती कापडाच्या दुकानात घालावी तशी घातलेली हुज्जत.

"अशी बघू नकोस हां माझ्याकडे." झुल्मिरा पहिल्यांदाच तिला एकेरीत बोलली. "दर हंगामाला आम्ही असंच करतो. बोय माशाचे दिवस आहेत, नेझियो तसाही इथेच झोपतो, मासळी कधी येईल सांगता येत नाही. पोरांना तर मजा वाटते. इतरांची माणसं कामाला जातात, आमचं घर जातं. सुट्ट्या संपल्या की परत येतं."

"तुमच्या सासूबाई..."

"तिचा जन्मच मांगरातला. या घरानं माझ्या पोरीला नर्स केलं. काय समजलीस? भाडं घेतलं ना मी तुझ्याकडून? मग घर तुझं. उगाच बिचारी बिचारी करू नकोस."

ती हे रागानं म्हणाली नाही. एखादी गृहिणी आपल्या मांडणीतल्या घासलेल्या भांड्यांकडे बघून बोलते, तसं म्हणाली. निल्सानं मान हलवली. सगळं आयुष्य तिनं मापं घेण्यात घालवलं होतं, आणि या बाईची उंची तिला आत्ता कळत होती.

परत फिरली तर अंगणात, सहा-सात पावलांवर, मार्लेती उभी होती. खांद्यावर टॉवेल, पायात दुसऱ्याच कुणाच्या तरी सपाता. तीही गरम पाण्याचं विचारायला आली असावी. मांगराच्या दाराची फट तिथूनही दिसत होती. दोघींची नजरानजर झाली. मार्लेती वळली आणि आत गेली.

थोड्या वेळानं निल्सा समुद्राकडच्या खोलीवरून गेली तेव्हा मार्लेती पलंग आवरत होती. पलंगपोसाची चारही टोकं सारखी करून तिनं तो हातानं सपाट केला, मग पुन्हा एकदा केला.

"काय मग, हॉटेल बघायला निघायचं ना?" वाल्मोरनं नाश्त्याला विचारलं. "गाडी काढू?"

"वारा सुटलाय," मार्लेती म्हणाली.

"वाऱ्यानं हॉटेल उडून जातंय की काय?"

"पाव खा गुपचूप."

*

वारा खरंच सुटला होता. दक्षिणेचा, गार, अंगातून आरपार जाणारा. पोरं टोप्या, कोट घालून पार्काच्या फाटकापर्यंत गेली आणि परत आली. उंच गाड्या वाऱ्यामुळे बंद, आजची तिकिटं उद्या चालतील असं सांगून फाटकावरच्या मुलीनं प्रत्येकाला एकेक फुगा दिला. त्यातले अर्धे वाऱ्यानं तिथेच नेले. धाकटी नात रस्ताभर रडत आली.

आर्लिन्दोंना याचं काही वाटलं नाही. ते नेझियोच्या शेजारी, होडीच्या आडोशाला, कोट गळ्यापर्यंत बंद करून बसले होते. दोघंही समुद्राकडे बघत होते.

"पार्कवाले शिव्या देत असतील," आर्लिन्दो म्हणाले.

"देऊ देत. आमची बोय याच वाऱ्याच्या पाठीवर बसून येते." नेझियोनं तोंडातली काडी काढून दिशा दाखवली. "तुमची पोरं रडताहेत, आमची नाचताहेत. वारा तोच."

म्हाताऱ्यानं भोपळा त्याच्या हातात दिला. नेझियोनं नळी ओढली, तोंड वाकडं केलं, आणि शिष्टाचार म्हणून पूर्ण संपवला.

दुपारी पाऊस आला, सरळ नव्हे, आडवा. समुद्र वाळू गिळत वर येऊ लागला. जेवणं चाललेली असताना मागून पत्रा फडफडल्याचा आवाज झाला. एकदा, दोनदा, आणि मग काहीतरी तुटल्यासारखा.

निल्सा घास टाकून धावली. मांगराच्या छपराचा एक पत्रा कोपऱ्यातून उचकटला होता. नेझियो आणि त्याचा जावई दोर टाकून तो खाली ओढत होते. आत झुल्मिराची मुलगी अंथरुणं एका बाजूला गोळा करत होती, आणि म्हातारी पेट्यांवर बसून, गुडघ्यांवर ताडपत्रीचा तुकडा घेऊन, शांतपणे छपराकडे बघत होती. पाणी तिच्या पायांशी येत होतं.

"घरात चला सगळे," निल्सा म्हणाली. "आत्ता."

"होईल नीट. बांधताहेत ते."

"झुल्मिराबाई, हट्ट नको. घर तुमचंच आहे."

"माझं नाही. रविवारपर्यंत तुझं आहे." पावसात तिचा रुमाल डोक्याला चिकटला होता. "एकदा दिलं म्हणजे दिलं. भाडेकरूंच्या अंगावर जाऊन पडायचं, ही आमची रीत नाही. दर वर्षी लोक येतात ते याच भरवशावर."

"मी पैसे..."

"पैशाचं नाव काढलंस तर बघ!"

इतक्या महिन्यांत निल्सानं इतक्या दारांशी बोलून जागा मिळवली होती. आता उघड्या दाराकडे या बाईला न्यायला तिच्याजवळ शब्द नव्हते. जे बोलावं ते दया होत होतं.

मागून छत्रीचा फडफडाट ऐकू आला. वाऱ्यानं उलटी झालेली छत्री हातात धरून मार्लेती वाळूतून येत होती. तिचे नीट बसवलेले केस तोंडावर आले होते. ती निल्साच्या शेजारून पुढे गेली आणि सरळ झुल्मिरापुढे उभी राहिली.

"बाई, जरा येता का घरात? काम अडलंय."

"काय झालं?"

"चूल धूर करतेय. घर करकरतंय, आमची पोरं घाबरलीत, त्यांना तुमच्या घराचे आवाज कळत नाहीत. कुठला आवाज साधा नि कुठला धोक्याचा, आम्हाला तरी काय माहीत? आम्ही पठारावरची माणसं. आणि तुमच्या यजमानांनी सकाळी बाबांना बोय दिलीय, टोपलंभर. बाबा म्हणतात झुल्मिराबाईंशिवाय तिला सुरी लावायची नाही. आता एकोणीस माणसं रात्री काय खाणार?" तिनं दम घेतला. "तुमच्या पोरांना पण आणा. त्यांनी सांगितलं की घाबरू नका, तर आमची ऐकतील. मोठ्यांचं नाही ऐकत."

चूल धूर करत नव्हती. निल्सानंच ती पेटवली होती.

झुल्मिरानं मार्लेतीकडे बघितलं, तिच्या छत्रीकडे बघितलं, मग निल्साकडे.

"ही का तुझी ती न बोलणारी बहीण?"

"हो."

"बोलते तर झकास," झुल्मिरा म्हणाली. आणि मांगरात तोंड घालून तिनं हाक दिली, "चला रे, उठा! या लोकांना चूल सांभाळता येईना!"

*

म्हातारीला वाल्मोरनं पाठीवर घेतलं. "आजी, ट्रकला धक्के बसतात, धरून बसा," म्हणत तो तिला अंगणातून घेऊन आला, आणि तिनं त्याच्या डोक्यावर टप्पल मारून त्याला सरळ चालायला लावलं. तिला कुठे ठेवायचं हे निल्सा विचार करेपर्यंत मार्लेतीनं आपली बॅग पलंगावरून खाली घेतली होती. पांढरा पलंगपोस बाजूला करून तिनं म्हातारीला आत निजवलं, पाय कोरडे केले, नवऱ्याच्या दुकानातलं कसलं तरी मलम चोळलं. म्हातारी कुशीवर वळली आणि खिडकीतून समुद्राकडे बघत राहिली. तो पलंग तिला ओळखत होता.

मग सगळी मांडणीच बदलावी लागली. निल्सानं डोक्यात बसवलेलं चित्र पुसून नवं काढलं. टोकाच्या खोलीतली मोठी गादी बैठकीत आणायची होती, ती दारात अडकली. निल्सा एका बाजूनं ढकलत होती, गादी मध्येच दुमडत होती, आणि पलीकडून कोण ओढतंय ते तिला दिसत नव्हतं.

"तिकडून उचल जरा," पलीकडून आवाज आला.

तो मार्लेतीचा होता. निल्साचे हात क्षणभर थांबले. मग तिनं खाली वाकून गादीची कड धरली.

"उचलली."

"आता माझ्याकडे दे. हळू. अगं, भिंत!"

"दिसतेय मला भिंत."

"मग आपटतेस कशाला?"

कोचावर बसलेल्या आर्लिन्दोंनी भोपळा तोंडाला लावला. त्यातलं पाणी केव्हाच संपलं होतं. तरी ते बराच वेळ नळी ओढत राहिले आणि त्यांनी कुणाकडेच बघितलं नाही.

झुल्मिरानं स्वयंपाकघराचा ताबा घेतला तसं घराला जणू हायसं वाटलं. कुठलं झाकण कुठल्या पातेल्याचं हे तिला न बघता समजत होतं. बोय साफ करताना तिच्याभोवती पोरांचा घोळका जमला. डोक्यांचा रस्सा झाला, त्यात कसाव्याचं पीठ घोटून पिराँव झाला, तुकड्या तळल्या गेल्या. इरातीहून आणलेले पिन्याँव, ते पाइनचे लांबट दाणे, मोठ्या पातेल्यात उकडले, आणि झुल्मिराच्या नातवंडांना ते कसे सोलायचे हे आर्लिन्दोंच्या नातवंडांनी दाखवलं. बदल्यात त्यांना घराचे आवाज शिकायला मिळाले. टक्-टक् म्हणजे ओट्याची काच, घाबरायचं नाही. घूं म्हणजे पाण्याची टाकी. कर्रर्र म्हणजे पणजोबांनी घातलेलं आढं, ते नेहमीच कण्हतं, पण मोडत नाही. धाकटी नात कान देऊन ऐकत होती आणि प्रत्येक आवाजाला त्याच्या नावानं हाक मारत होती. पार्काचं नाव त्या संध्याकाळी कुणी काढलं नाही.

अंधार पडायच्या सुमाराला वीज गेली. झुल्मिरानं दोन कंदील लावले, एक वडिलांपाशी, एक म्हातारीपाशी. मग पोरंही आपोआप आडवी झाली, कुणाची कोण हे न बघता, जिथे ऊब तिथे. नेझियो ओट्यावर काचेला टेकून समुद्राकडे कान लावून बसला. वाल्मोर घोरू लागला, आणि त्याच्या शेजारी निजलेल्या झुल्मिराच्या नातवानं गंभीरपणे सांगितलं, "हा आवाज नवीन आहे."

निल्सा कंदील घेऊन एकदा सगळ्या खोल्यांतून फिरली. पांघरुणं बघितली. एक खिडकी घट्ट केली. स्वयंपाकघरात परत येऊन तिनं कंदील ठेवला, भिंतीलगतचं अरुंद बाक ओढलं आणि त्यावर वडिलांचा कोट पसरू लागली. झुल्मिरा चुलीतला विस्तव राखेनं झाकत होती. तिचे हात थांबले.

"हे काय?"

"झोपते आता."

"या बाकावर? काल कुठे झोपलीस?"

निल्सा कोटाची बाही सरळ करत राहिली.

"टेप घेऊन सगळं घर मोजलंस," झुल्मिरा हळूच म्हणाली, "आणि स्वतःला कुठे धरलंच नाहीस?"

उघड्या दारातून दिसणाऱ्या बैठकीच्या खोलीत, मघाशी दारात अडकलेल्या त्या मोठ्या गादीवर, मार्लेती भिंतीकडे तोंड करून निजली होती. शेजारी तिची दोन मुलं. तिनं मागे वळून बघितलं नाही. मुलांना अंगाशी ओढून घेत ती भिंतीला अगदी चिकटली, आणि गादीचा कडेचा पट्टा मोकळा झाला. मग हात मागे करून तिनं पांघरुणाचं टोक वर उचललं आणि तसंच धरून ठेवलं.

निल्सा बाकापाशी उभी होती. झुल्मिरानं कोट उचलला, घडी केला आणि तिच्या हातात दिला.

गादी एका अंगाला कलती झाली, मग सावरली. बाहेर वारा होता तसाच होता. कितीतरी वेळ दोघी नुसत्या जाग्या होत्या, आणि दोघींनाही ते कळत होतं.

"आईनं शेवटी काय मागितलं?" मार्लेतीनं भिंतीला विचारावं तसं विचारलं.

"कॉफी. गोड. डॉक्टरांनी साखर बंद केली होती."

"मग?"

"दिली मी. तीन चमचे घालून."

मुलांपैकी एकानं झोपेत पाय झाडला, तो मार्लेतीनं पांघरुणात घेतला.

"बरं केलंस, ताई," ती म्हणाली.